गिटार विकायचीय? आधी तिच्या खोडी लिहून काढा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे. दोन मशीन, तीन माणसं. फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो आणि जॉबबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट जातो. ड्रॉइंगवर माप किती, प्रत्यक्षात आलं किती, सगळं कागदावर. माप चुकलं तर गप्प बसून जॉब पाठवायचा नाही. तो चार दिवसांत परत येतो आणि जाताना पुढची ऑर्डरपण घेऊन जातो. गिटार विकतानाही हेच करायचं असतं, हे कळायला माझी एक गिटार परत यावी लागली.

२००९ची गोष्ट. साधी, कमी किमतीची गिटार होती. मान बॉडीला जिथं स्क्रूनं बसवतात त्या खाचेजवळ केसाएवढी चीर होती. नुसता रंग तडकला असेल अशी मी स्वतःचीच समजूत घातली आणि घेणाऱ्याला बोललो नाही. पाचव्या दिवशी ते पोरगं थेट शॉपवर. लेथ चालू, कामगार बघतायत, आणि त्यानं ती गिटार माझ्या टेबलावर व्हर्नियरशेजारी ठेवली. बोलला काहीच नाही, चिरेवर नुसतं बोट ठेवलं. मी पैसे परत दिले. आमच्या टर्नरनं नंतर आठवडाभर प्रत्येक जॉब देताना "मालक, चीर बघून घ्या" म्हणून पिडलं ते वेगळंच.

त्यामुळं गेल्या वर्षी यामाहा पॅसिफिका ११२ जे ही इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली तेव्हा तिचा रीतसर रिपोर्टच केला. २०१४ साली नवी घेतलेली, गणपतीत आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजलेली, पण नीट सांभाळलेली. आता घरात दोन गिटारी आहेत आणि वाजते एकच. भिंतीवर टांगलेल्या गिटारीवर धूळ बसते आणि घरचे बोलतात, म्हणून विकली.

पहिलं काम साफसफाई. पण हात बेतानं चालवा. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काळवंडले असतील तर अगदी बारीक, चार शून्य नंबरच्या स्टीलवूलनं हलकेच घासले की चांदीसारखे चमकतात. त्याआधी पिकअपवर मास्किंग टेप चिकटवा, आणि हे विसरू नका. पिकअप म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, त्यात लोहचुंबक असतो. स्टीलवूलचा भुगा जाऊन त्यालाच चिकटतो. मी तर याच्याही पुढची करामत केलेली. एकदा रात्री तालमीहून येताना गिटार शॉपमध्येच टांगून घरी गेलो. सकाळी बघतो तर सहाही चुंबकांच्या डोक्यांवर बिडाचा बुरादा बसलेला, दाढीचे खुंट उगवल्यासारखा. फुंकर मारून तो जात नाही, पुसला तर आत सरकतो. सेलोटेपचा चिकट भाग दाबायचा आणि उचलायचा, दाबायचा आणि उचलायचा. अर्धा दिवस गेला.

फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं ठेवायची पट्टी, रोझवूडचा असेल, म्हणजे गडद तपकिरी, तर लेमन ऑइलचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन पुसा. मेपलचा पिवळसर, वर लॅकर मारलेला असेल तर तेल लावू नका, त्याला नुसतं ओलसर फडकं पुरतं. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून बटण वीस वेळा मागं-पुढं फिरवा. केबल जिथं घुसते त्या जॅकचा नट बहुतेक गिटारींवर ढिला असतो, तो पान्यानं आवळा. तारा नव्या टाका, ९-४२चा सेट (पातळ आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात). पाच-सहाशे जातात, पण जुन्या तारांवर कुठलीच गिटार चांगली वाजत नाही. यापुढं खर्च नको. टवके उडालेत तिथं नेलपॉलिश लावायची बुद्धी होते, ती आवरा. लपवलेला टवका उघड्या टवक्यापेक्षा दुप्पट मोठा दिसतो.

पॅसिफिका किंवा स्ट्रॅटोकास्टरसारखी गिटार असेल तर मागचं प्लॅस्टिकचं झाकण उघडा. आत स्प्रिंगा असतात. कोल्हापुरात जुनी वस्तू विकणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: "पुरात होती का?" २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर गाडी असो, फ्रीज असो की गिटार, लोक आधी हेच विचारतात, आणि बरोबरच आहे. पाण्यात राहिलेल्या गिटारीच्या स्प्रिंगा आणि त्या धरणारे स्क्रू गंजतात, आतल्या कोपऱ्यात गाळाचा रंग राहतो. बाहेरनं कितीही पॉलिश करा, आतलं जात नाही. तुमची कोरडी असेल तर त्या खाचेचा फोटो काढून ठेवा. माझ्या सगळ्या फोटोंत लोकांनी सगळ्यात जास्त वेळ तोच बघितला.

आता मापं. इथं मी जरा रमतो, त्याला इलाज नाही.

गिटारीची मान पूर्ण सरळ नसते, नसावीपण. तार हलायला जागा लागते म्हणून मानेला अगदी किंचित बाक हवा. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर, अशी दोन्हीकडं एकदम दाबा. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जेवढी फट दिसते तो तुमचा बाक. माझ्या गिटारीत फीलर गेजचं दहा थाऊचं पान अलगद आत गेलं, म्हणजे पाव मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, साधारण तेवढीच फट पाहिजे. फट फार मोठी असेल किंवा अजिबात नसेल तर मानेतली सळी, म्हणजे ट्रस रॉड, ॲलन कीनं फिरवावी लागते. एका वेळी पाव फेरा, तोही येत असेल तरच. ही सळी पिळून तुटली की गिटारीची किंमत सरपणाएवढी. आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी आणि जूनपासून भिंतींना पाझर. लाकूड त्या हिशेबानं हलतं, म्हणून एप्रिलमध्ये घेतलेलं माप जुलैत घेणाऱ्याला सांगू नका, पुन्हा घ्या.

मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची. पट्टीनं बघितली तरी चालते. माझी पहिली तार दीड मिलिमीटरच्या जराशी वर आणि सहावी दोनवर होती. बोटांना सोपी आणि खरखर नाही. त्यानंतर ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून काढलेला सूर जुळवायचा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं ते तारेचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागं घ्यायचं, उतरता आला तर पुढं. हे आपल्या कानांसाठी केलं तरी ते घेणाऱ्याच्या खिशापर्यंत पोचतं.

तारेच्या खरखरीवरनं आठवलं. काही वर्षांपूर्वी हिच्या चौथ्या फ्रेटवर वाजवलं की झीं आवाज यायचा. मी ती घेऊन मिरजेला एका सतारमेकरकडं गेलो. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांचे हात त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासनं तारेवर बसलेत. त्या माणसानं गिटार मांडीवर आडवी घेतली, नखानं तार छेडली आणि हसायला लागला. "अहो, ही जवारी काढायला आम्ही घोडीवर दिवस-दिवस कानस मारतो, आणि तुम्ही ती घालवायला पैसे देणार?" मग फ्रेटवरनं बोट फिरवत पाचव्यावर थांबला. "हा पडदा उचललाय." खरंच होतं. पाचवा वर आला की चौथ्यावर दाबलेली तार त्याला घासते. त्यानं त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं दोन हलके ठोके दिले, पैसे घेतले नाहीत. माझ्या रिपोर्टात ओळ आहे: "पाचवा फ्रेट एकदा बसवून घेतलाय, आता आवाज नाही."

तर हा रिपोर्ट. एक वहीचं पान, जास्त नको. माझ्या पानावरच्या खोड्या अशा होत्या: मागं पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, तळहाताएवढ्या जागेत. खालच्या कडेला एक टवका, रुपयाच्या नाण्याच्या निम्मा. पहिल्या तीन फ्रेटवर पातळ तारांखाली खळगे दिसायला लागलेत (सी, जी, डी हे कॉर्ड सगळ्यांचेच तिथं असतात), पण फ्रेट घासून एकसारखे करायची गरज अजून नाही. ट्रेमोलोचा (सूर हलवायचा) दांडा मूळचा नाही. आणि फ्रेट बसवल्याची ओळ. मागच्या बाजूला सगळी मापं.

इलेक्ट्रिक भागाचा एक सोपा पुरावा मल्टिमीटर देतो. केबल गिटारीत लावायची, आवाजाचं बटण पूर्ण वर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक व बूड यांच्यात रोध मोजायचा. स्विचच्या जागा बदलत गेलं की आकडा बदलतो. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचं पिकअप) सहा किलोओहमच्या आसपास, हंबकरला (दोन वेटोळ्यांचं) त्याहून वर. एखाद्या जागी आकडा भलताच चढला, लाखांत गेला, तर त्या पिकअपची तार आत कुठंतरी तुटलीय. घेणाऱ्याला किलोओहम कळोत न कळोत, मोजलेलं कळतं.

फोटो दिवसा काढा, फ्लॅश बंद. मी गच्चीच्या दारात सकाळी आठ-साडेआठला काळी घोंगडी अंथरली आणि वर गिटार ठेवली. घोंगडीवर चकाकी येत नाही आणि गिटारीचा रंग खरा दिसतो. पूर्ण पुढून, पूर्ण मागून, डोकं पुढून-मागून, सीरियल नंबर, ब्रिज, फ्रेट तिरक्या उजेडात, आणि बुडाकडून एक डोळा मिटून बघितल्यासारखा मानेचा एक. मग प्रत्येक खोडीचा स्वतंत्र फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. सीरियल नंबर महत्त्वाचा, कारण जाणकार त्यावरनं वय काढतात. उदाहरणार्थ इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात झालेल्या स्क्वायरवर (फेंडरचा स्वस्त ब्रँड) आयसीएस आणि पुढं सालाचे दोन आकडे असतात, मेक्सिकोच्या २०१०नंतरच्या फेंडरवर एमएक्स आणि साल. तुम्ही २०१८ची म्हणून सांगितली आणि नंबर २०१२चा निघाला, तर पुढचं काहीच कुणी ऐकत नाही.

किंमत. तुमच्या बिलावरचा आकडा विसरा. त्याच मॉडेलची आज नवी किती आहे ते बघा. नीट ठेवलेल्या, नामांकित कंपनीच्या गिटारीला त्याच्या निम्म्यापासून साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत मिळतात, असा माझा अनुभव. मॉडेल पूर्ण लिहा, नुसतं पॅसिफिका नाही. ०१२, ११२ जे आणि ११२ व्ही या तीन वेगळ्या वस्तू आहेत. व्हीमध्ये हंबकरची एक कॉइल बंद करता येते, जेमध्ये नाही, आणि ते विचारलं जातंच. तुम्ही वर महागडे पिकअप बसवले असतील तर त्याचे पैसे परत येत नाहीत. मूळचे जपून ठेवले असतील तर ते बसवा आणि नवे वेगळे विका. मी पंधरा हजार सांगितले, मनात तेरा होते. बॅग आणि पट्टा जाहिरातीत घातला नाही, हातचे म्हणून ठेवले. त्याचं पुढं येईलच.

जाहिरात मी अशी लिहिली: "यामाहा पॅसिफिका ११२ जे, २०१४, एकाच हातची, बिल आहे. पुराचं पाणी लागलेलं नाही, आतला फोटो बघा. पाच खोड्या आहेत, पाचही फोटोत आहेत. ॲम्प घरी आहे, येऊन तासभर वाजवा. १५,०००." बस. "नादखुळा साउंड", "जगात भारी कंडिशन" वगैरे लिहिलं की कोल्हापूरकर हसतो आणि पुढं जातो. आपणच ते शब्द इतके स्वस्त केलेत.

टाकायची कुठं? ऑर्केस्ट्रा आणि बँडवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप, गिटारचे क्लास चालवणारे सर, आणि जुन्या वस्तूंची ॲप. क्लासवाले सर सगळ्यात चांगले, कारण पोराच्या घरचे त्यांनाच विचारतात. वेळ म्हणाल तर कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की, किंवा गणपतीच्या दीड-दोन महिने आधी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांच्या तोंडावर कुठलाही बाप पोराला गिटार घेऊन देत नाही.

ॲपवर टाकलीत की अर्ध्या तासात एक फोन येतो. समोरचा गिटार न बघता, भाव न करता लगेच हो म्हणतो, आपण लष्करात आहोत म्हणतो आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड धाडतो. कोड स्कॅन करायचा नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसलातच तर लगेच १९३०ला फोन. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

गिटार घरी दाखवा, दुकानात किंवा कारखान्यात नको. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या मोटारी, चोक, ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं पकडतं. माझ्या शॉपमध्ये ती लेथपेक्षा मोठ्यानं गुरगुरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन कॉइल उलट्या जोडून ही गुणगुण मारली, हंबकर हे नाव त्यावरनंच. पण घेणाऱ्याला हा इतिहास सांगत बसण्यापेक्षा हॉलमधला ट्यूबलाइट बंद करा.

माझं गिऱ्हाईक इचलकरंजीहून आलं. अकरावीचं पोरगं आणि त्याचे वडील, मागवाले. पोरगं गिटारकडं बघत होतं आणि वडील माझ्याकडं. वडिलांनी गिटार उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

"ह्यात सेल कुठं घालायचे ओ?"

"सेल लागत नाहीत. ह्या चुंबकाला बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे आहेत. वरची तार हलली की वेढ्यांत करंट तयार होतो."

ते क्षणभर थांबले. "म्हणजे मोटारीचं वायंडिंगच की हे. फक्त उलटं."

इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढं त्यांनी मल्टिमीटर माझ्या हातातनं घेऊन स्वतःच स्विचच्या पाचही जागा मोजल्या.

पोरगं लाजत होतं. वडिलांसमोर, अनोळखी घरात, वाजवणार काय? हे नेहमीचं आहे. त्याला ॲम्प लावून दिला, आवाज बेताचा ठेवला, आणि वडिलांना घेऊन मी स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. दोन मिनिटं नुसती खुडबुड, मग हळूहळू गाडी रुळावर आली. चहा उकळेपर्यंत पोरगं पाचही जागांवर तोच तुकडा वाजवून आवाज ताडून बघत होतं. तेव्हाच मला कळलं, गिटार चालली.

वडिलांनी रिपोर्ट वाचला. "एवढ्या खोड्या हैत तर सांगताय कशाला?"

"आहेत त्या एवढ्याच आहेत, म्हणून."

या पद्धतीचा एक तोटा आहे, तोही सांगतो. त्यांनी तीच यादी हातात धरून घासाघीस चालू केली. टवक्याचे पाचशे कमी करा, दांडा मूळचा नाही त्याचे पाचशे, फ्रेटचे हजार. इथं डगमगायचं नाही. मी म्हटलं, पंधरा सांगितलेत ते ही यादी धरूनच, नाहीतर सतरा सांगितले असते. मग त्यांनी "शेवट बोला" म्हटलं, मी चौदा म्हटलं, ते तेरावर अडले. तेव्हा हातचे काढले. साडेतेरा, वर बॅग आणि पट्टा. पाचशे रुपये सोडण्यापेक्षा हजार-बाराशेची जुनी बॅग देणं तुम्हाला हलकं जातं, आणि समोरच्याला काहीतरी मिळाल्यासारखं वाटतं.

पैसे खात्यात आलेले स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याच्या मोबाइलवरच्या हिरव्या खुणेवर जाऊ नका. मग एका कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. रिपोर्टची एक प्रत त्यांना, एक मला. मूळ बिल मी देऊन टाकलं.

गिटार पार्सलनं पाठवायची वेळ आली तर तारा थोड्या ढिल्या करा, ट्रेमोलोचा दांडा काढा, आणि डोक्याच्या खाली-मागं पुठ्ठा किंवा फोम असा भरा की खोकं आपटलं तरी डोकं हलणार नाही. शक्यतो टाळाच. हे दोघं बुलेटवर आले होते, जुलैचा पाऊस. मी वेल्डिंगच्या मशीनवरचा जाड प्लॅस्टिक कागद बॅगेवर गुंडाळून सुतळीनं बांधून दिला. पोरगं मागं बसलं, पाठीला गिटार, मानेचं टोक हेल्मेटच्या वर.

आणि जाहिरात त्याच रात्री काढून टाका. मी विसरलो. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला गडहिंग्लजहून फोन. "मालक, झोपला न्हाईसा न्हवं? गिटार हाय का अजून?" गेली म्हटलं. तर म्हणतो, "मग त्यो पुराच्या पाण्याचा फोटो कसा काढलाय तेवढं सांगा की, मलाबी एक इकायचीय."